वंशावळ आणि चरित्र : धारच्या पवार घराण्याच्या निमित्ताने

मराठीत सरदार घराण्यांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले आहेत. त्या घराण्यांतील माणसांची चरित्रे मात्र फार थोडी आहेत. हा भेद वाचकांच्या सहसा लक्षात येत नाही, कारण घराण्याचा इतिहास हाच त्यातील पुरुषांच्या चरित्रांचा संग्रह आहे अशी आपली समजूत असते. प्रारंभी मूळ पुरुष, मग वंशावळ, मग सनदा, मोहिमा, तहनामे, किताब आणि शेवटी विद्यमान अधिपतींविषयी चार गौरवपर शब्द, असा या ग्रंथांचा ठरलेला घाट आहे. या घाटात साधनांचा संग्रह उत्तम होतो, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. प्रश्न एवढाच आहे की, या घाटातून घराणे म्हणून जगलेल्या माणसांचे आयुष्य आपल्यापर्यंत पोचते काय? आमच्या मते ते पोचत नाही. आणि न पोचण्याचे कारण साधनांच्या अभावात जितके आहे, तितकेच वंशावळीला चरित्राचा कणा मानण्याच्या सवयीत आहे. या विधानाची परीक्षा एका घराण्याच्या आधारे करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी आम्ही धारच्या पवारांचे घराणे निवडले आहे. महू आणि धार यांच्या मधल्या टापूत पीथमपूर हे गाव आहे. आज ते मोटारींच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि नोकरीनिमित्त आलेली अनेक मराठी कुटुंबेही त्या परिसरात राहतात. पीथमपूरच्या एका बाजूला महूची जुनी लष्करी छावणी आणि दुसऱ्या बाजूला धारचा किल्ला, यांची एकोणिसाव्या शतकात एकदा समोरासमोर गाठ पडली. त्या गाठीत एका तेरा वर्षांच्या मुलाचे राज्य गेले आणि काही वर्षांनी परत आले. तो मुलगा म्हणजे तिसरा आनंदराव पवार. त्याचे चरित्र लिहावयाचे झाल्यास आरंभ कोठून करावा, हा साधा प्रश्न विचारला तरी आमच्या विषयाचे सर्व पैलू समोर येतात.

परंतु धारकडे वळण्यापूर्वी एका दूरच्या घराण्याकडे पाहणे उपयोगी ठरेल. मराठी वाचकाला आयर्लंडचा परिचय मुख्यतः न. चिं. केळकरांच्या 'आयर्लंडचा इतिहास' (१९०९) या ग्रंथाने झाला. पारतंत्र्यात असलेल्या एका राष्ट्राने दुसऱ्या परतंत्र राष्ट्राकडे पाहावे, त्या दृष्टीनेच आपण तो देश पाहिला. त्यामुळे तेथील सरदारवर्गाविषयी आपल्याला फारशी आस्था वाटली नाही, आणि ते स्वाभाविकही होते. तथापि त्याच वर्गातील एक उमराव आपल्या इतिहासात ठळकपणे आलेला आहे. रिचर्ड साउथवेल बर्क, मेयोचा सहावा अर्ल, हा १८२२ साली डब्लिनला जन्मला, तीन वेळा आयर्लंडचा मुख्य सचिव झाला, १८६९ च्या आरंभी व्हाइसरॉय म्हणून हिंदुस्थानात आला आणि ८ फेब्रुवारी १८७२ रोजी पोर्ट ब्लेअर येथे शेर अली आफ्रिदी या बंदिवानाच्या हातून मारला गेला. त्याच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांत, १८७५ साली, विल्यम हंटरने त्याचे दोन खंडांचे चरित्र प्रसिद्ध केले. राजपुत्रांच्या शिक्षणासाठी अजमेरला निघालेल्या विद्यालयाला त्याचेच नाव मिळाले.

या बर्क घराण्याचे मूळ नॉर्मन. बाराव्या शतकात जिंकणारे म्हणून आलेले हे लोक काही पिढ्यांत त्या भूमीचेच होऊन गेले. माळव्यातल्या पवारांचीही गोष्ट अशीच. पुणे प्रांतातल्या सुपे-मलठणकडून निघालेले हे मराठे सरदार अठराव्या शतकात नर्मदापार गेले आणि माळवी बोलणाऱ्या प्रदेशात राज्यकर्ते झाले. भोजराजाच्या परमार कुळाशी आपले नाते आहे, हा त्यांचा दावा आहे. तो इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरतो हा प्रश्न येथे आम्हाला महत्त्वाचा वाटत नाही. नव्या भूमीत आपण परके नाही, पूर्वीचेच धनी परतलो आहो, असे एखाद्या घराण्याला वाटणे, हे मात्र चरित्रकाराच्या दृष्टीने मोलाचे आहे. धारच्या काशीनाथ कृष्ण लेले यांनी १९०३ साली भोजशाळेतील शिलालेख उजेडात आणले आणि १९०८ साली ल्युअर्ड या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर परमारांचा इतिहास लिहिला. एका मराठी विद्वानाने माळव्याच्या परमारांसाठी वेचलेल्या या श्रमांकडे पाहिले म्हणजे त्या आत्मीयतेचे बळ समजते.

दोन्ही घराण्यांतील साम्य येथे संपते आणि आमच्या मुद्द्याचा आरंभ होतो. मेयोची उमरावकी रिचर्डकडे कशी आली? चौथा अर्ल १८४९ साली निपुत्रिक वारला. त्याचा पुतण्या, म्हणजे रिचर्डचा पिता, पाचवा अर्ल झाला. आणि पित्यामागून १८६७ साली रिचर्ड सहावा अर्ल झाला. यात पुतण्या शेवटपर्यंत पुतण्याच राहिला. कोणी कोणाचा मुलगा झाला नाही, कोणाला नवी आई मिळाली नाही. रक्ताच्या रेषेने पदवी आपोआप सरकली. ती रेषा जेथे तुटते तेथे तिकडची पदवीच नष्ट होते, कारण त्या कायद्यात दत्तकाने उमरावकी मिळत नाही. अशा घराण्याचे चरित्र वंशावळीच्या आधारे लिहिता येते, कारण पदवीचा प्रवास आणि रक्ताचा प्रवास तेथे एकच आहे.

आता धारची वंशावळ पाहावी. दुसरा आनंदराव १८०७ साली वारला. त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेला मुलगा रामचंद्रराव हा बालवयातच गेला. त्यानंतर दुसरा रामचंद्रराव, दत्तक. तो १८३३ साली वारला. त्यामागून दुसरा यशवंतराव, दत्तक. तो १८५७ साली वारला. त्यामागून तिसरा आनंदराव, पुन्हा दत्तक. तो १८९८ साली वारला. त्यामागून दुसरा उदाजीराव, तोही दत्तकच. म्हणजे १८०७ पासून शतकाच्या अखेरपर्यंत धारच्या गादीवर बसलेल्या पुरुषांत औरस वारस एकच, आणि तोही ज्याला गादी म्हणजे काय हे कळण्याचे वय आले नाही असा. वंशावळीत ही सर्व नावे एका सरळ उभ्या रेषेत येतात. जेथे रेषा तुटली तेथे कंसात 'दत्तक' एवढा शब्द असतो. आमचे म्हणणे असे की, त्या कंसातल्या शब्दातच या घराण्याचे खरे चरित्र आहे.

मराठीत दत्तक घेण्याला 'मांडीवर घेणे' म्हणतात. हा शब्दप्रयोग कायद्याचा नाही, घरातला आहे; आणि मांडी कोणाची हा प्रश्न त्यात गृहीत आहे. धर्मशास्त्राच्या चर्चेत दत्तक हा मृत पुरुषासाठी, त्याच्या पिंडासाठी आणि नावासाठी असतो. व्यवहारात मात्र पती गेल्यावर जी स्त्री मागे उरते, तिच्या मांडीवर तो बसतो. त्या विधीने मुलगा राजा होतो तशी ती स्त्री राजमाता होते, आणि पुष्कळदा राज्याचा कारभारही तिच्याकडे येतो. आयरिश पुतण्याने पदवी घेतली तेव्हा त्याच्या विधवा चुलतीच्या स्थानात काहीही पालट झाला नसता. धारमध्ये मात्र प्रत्येक दत्तकविधानाने एका स्त्रीच्या आयुष्याची दिशा ठरली. म्हणून मराठी सरदार घराण्यात दत्तक ही वंशावळीतील त्रुटी नसून, घराणे स्वतःविषयी निर्णय घेते तो क्षण आहे, आणि तो निर्णय बहुधा स्त्रीने घेतलेला आहे.

मैनाबाईचे उदाहरण घ्यावे. दुसऱ्या आनंदरावाच्या मृत्यूच्या वेळी ती गर्भवती होती. शिंदे-होळकरांच्या फौजांनी आणि पेंढाऱ्यांनी माळवा उद्ध्वस्त झालेला, राज्याचे परगणे एकामागून एक गेलेले, आणि घराण्याच्या अनौरस शाखेतील मुरारराव गादीवर डोळा ठेवून उभा. अशा स्थितीत ती धार सोडून मांडवगडावर गेली आणि तेथे तिला मुलगा झाला. याच घराण्याच्या इतिहासात आणखी एक प्रसंग आहे. रघुनाथरावाची पत्नी आनंदीबाई धारच्या किल्ल्यात आश्रयाला आली आणि जानेवारी १७७५ मध्ये तेथे दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. पेशव्यांच्या इतिहासामुळे हा जन्म आपल्या पाठ्यपुस्तकांत पोचला. मांडवगडावरचा जन्म मात्र संस्थानी इतिहासाच्या एका ओळीत राहिला. दोन गर्भवती स्त्रिया, दोन किल्ले आणि जन्मापूर्वीच राजकारणात ओढली गेलेली दोन मुले, यांना एकत्र पाहावे असे आमच्या लेखकांना वाटले नाही, कारण वंशावळीत ती दोन वेगळ्या पानांवर येतात.

पुढे मैनाबाईचा हा मुलगा वारला. तिने आपल्या बहिणीच्या मुलाला दत्तक घेतले, आणि त्याचे नाव रामचंद्रराव असेच ठेवले. वंशावळीत याची नोंद 'रामचंद्रराव पहिले' आणि 'रामचंद्रराव दुसरे' अशी होते. राजांना असे अनुक्रमांक लावण्याची रीतच आहे. पण येथे त्या आकड्याआड काय दडले आहे ते पाहावे. गेलेल्या मुलाचे नाव दुसऱ्या मुलाला देऊन रोज त्याच नावाने हाक मारणाऱ्या आईचे मन कसे असेल? ही राज्य टिकवण्याची चतुराई असेल. नाव तेच राहिल्याने सनदा, शिक्के, कागदपत्रे तशीच चालू राहतात. तो शोकाचा एक प्रकारही असेल. दोन्ही एकाच वेळी खरे असणे अशक्य नाही. चरित्रकाराने येथे निर्णय देऊ नये; परंतु त्याने येथे थांबावे, एवढी अपेक्षा करण्याचा अधिकार वाचकाला आहे.

मैनाबाईविषयी आपल्याला जे कळते त्यातील बराचसा भाग जॉन माल्कमच्या १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथातून येतो. तिने धारचा किल्ला हातचा जाऊ दिला नाही, बापू रघुनाथ हा कारभारी हाताशी धरला आणि १८१९ च्या तहापर्यंत राज्याचा उरलासुरला भाग टिकवला. माल्कम हा राज्यकर्ता होता. आपल्या सरकारने माळव्यात शांतता आणली हे दाखविणे त्याला हवे होते, आणि त्यासाठी आधीची बेबंदशाही जितकी गडद तितकी बरी. हे सर्व ध्यानात घेऊनही म्हणावे लागते की, या स्त्रीची धडाडी त्याने ओळखली. अहिल्याबाईंविषयी त्याने लिहिले ते आपण आवडीने उद्धृत केले; मैनाबाईविषयी लिहिले ते वाचून सोडून दिले. कारण उघड आहे. अहिल्याबाई देवळे, घाट, दानधर्म आणि न्याय यांच्या रूपाने आदर्श म्हणून उभ्या राहतात. मैनाबाई मात्र पडक्या राज्यात डावपेच करणारी, कोणाशी गोड बोलणारी, कोणाला हुलकावणी देणारी स्त्री आहे. आमचे चरित्रवाङ्मय आदर्शाकडे जितके ओढले जाते तितके हिकमतीकडे जात नाही.

आता तिसऱ्या आनंदरावाकडे वळू. मे १८५७ मध्ये दुसरा यशवंतराव वारला आणि त्याचा तेरा वर्षांचा सावत्र भाऊ गादीवर आला. भाऊ होता तो मुलगा झाला. त्याच महिन्यात उत्तरेत उठाव सुरू झाला. १ जुलै रोजी इंदूर आणि महू येथे तो पोचला. धारच्या दरबारात राणी द्रौपदीबाईचे वजन होते. अरब, मक्राणी अशा भाडोत्री शिपायांच्या हाती किल्ला गेला. ऑक्टोबर महिन्यात हेन्री मॅरियन ड्युरँडच्या देखरेखीखाली महूहून फौज निघाली, किल्ल्याला वेढा पडला आणि महिनाअखेर किल्ला इंग्रजांच्या हाती आला. आतले लढवय्ये रात्रीतून निसटून गेले. संस्थान खालसा करण्यात आले. विलायतेत या निर्णयाविरुद्ध आवाज उठला. १८६० साली बेरसियाचा परगणा वगळून संस्थान परत देण्यात आले, आणि बेरसिया भोपाळच्या बेगमेकडे गेला. तरीही अल्पवयाच्या सबबीवर कारभार इंग्रजांच्याच हाती राहिला; १८६४ साली आनंदरावाला अधिकार मिळाले. त्याच वर्षी जॉन डिकिन्सन या इंग्रज सुधारकाने धारच्या प्रकरणावर एक पुस्तिका काढली. धार परत दिलेले नाही, असेच तिचे शीर्षक होते.

या प्रकरणाचे वाङ्मय कमी नाही. ड्युरँडच्या बाजूचे समर्थन आहे, डिकिन्सनची टीका आहे, पार्लमेंटापुढे आलेली कागदपत्रे आहेत. साऱ्यांचा प्रश्न एकच: दरबार दोषी होता की नव्हता? दोषी असेल तर राज्य घेणे न्याय्य, नसेल तर अन्याय. या वादात आनंदराव प्रत्येक पानावर आहे आणि कोठेही नाही. विरोधकांना तो दंडास पात्र अशा दरबाराचे नाव म्हणून हवा. कैवाऱ्यांना निरपराध बालक म्हणून हवा. भावाच्या मृत्यूनंतर काही दिवसांत दत्तकहोमापुढे बसलेला, सहा महिन्यांच्या आत आपल्या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्याचे पाहिलेला आणि मग सात वर्षे राजा आहे की नाही हे ठरण्याची वाट पाहत वाढलेला मुलगा, या रूपात त्याला कोणीच पाहिले नाही. डिकिन्सनसारख्या सज्जनाने त्याची बाजू घेतली याबद्दल आपण ऋणी आहो. पण खटल्यातील पक्षकार आणि चरित्राचा नायक या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे विसरता कामा नये.

येथे दत्तकाचा प्रश्न एका कुटुंबापुरता राहत नाही. डलहौसीने साताऱ्याचे राज्य १८४८ साली, नागपूर आणि झाशी ही राज्ये १८५४ साली दत्तक नामंजूर करून खालसा केली. ज्या विधीने मराठी घराणी स्वतःला पुढे चालवीत होती, नेमक्या त्याच विधीवर साम्राज्याने बोट ठेवले. विधवेच्या मांडीवरचे मूल हा राज्याचा प्रश्न झाला. १८५७ नंतर धोरण पालटले आणि १८६२ साली कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. या दोन टोकांच्या मध्ये आनंदरावाचे बालपण गेले. एकोणिसाव्या शतकातील मराठी घराण्याचे चरित्र लिहिणाऱ्याला यापेक्षा अर्थपूर्ण नायक मिळणे कठीण आहे; आणि तरी त्याच्या एक्केचाळीस वर्षांच्या कारकीर्दीचे आपल्या वाङ्मयात उरते काय, तर १८७७ साली मिळालेला 'महाराजा' हा व्यक्तिगत किताब आणि मृत्यूचे साल.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. अंतःपुरातील आयुष्याची साधने नाहीत. जेथे साधने नाहीत तेथे चरित्रकाराने कल्पना लढवावी काय? ऐतिहासिक कादंबरीने मराठीत हा मोह पुरेपूर अनुभवला आहे आणि त्याचे बरेवाईट परिणाम आपण पाहिले आहेत. आम्ही कल्पनेची मुभा मागत नाही. साधनांकडे वेगळ्या प्रश्नांनी पाहावे, एवढेच मागतो. राजवाड्यांनी १८९८ पासून साधनांचे खंड प्रसिद्ध करण्यास आरंभ केला तेव्हा आपल्याला मोडी कागदांकडे पाहण्याची शिस्त लागली. पण आपण त्या कागदांना विचारलेले प्रश्न मुख्यतः मोहिमांचे होते. खर्चाच्या याद्या, खाजगीकडील हिशेब, सुतकाच्या आणि बारशाच्या नोंदी, दाईला दिलेले लुगडे, माहेराहून आलेली वस्त्रे, दत्तकविधानाच्या वेळी कोणाला मान मिळाला आणि कोणाला नाही त्याचा तपशील, हे सारे कागद आपण 'किरकोळ' या सदरात टाकले. घराण्याचे आयुष्य त्या किरकोळात आहे.

शिवाय मराठीत याचे दाखले नाहीत असेही नाही. द. ब. पारसनीसांनी १८९४ साली झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे आणि १९०२ साली बायजाबाई शिंद्यांचे चरित्र लिहिले. या दोन्ही ग्रंथांत गौरवाचा सूर आहे हे खरे. पण राज्यकर्त्या स्त्रीला चरित्रनायिका करण्याचे धैर्य त्यांनी दाखविले, आणि दोन्ही नायिकांच्या आयुष्यात दत्तक हाच निर्णायक प्रसंग आहे. विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. दक्षिणेच्या आशेने कोकणातून निघालेला हा भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत महूवरून, माळव्यातून झाशीपर्यंत गेला. राजवाड्याकडे तो दानधर्माच्या, जेवणावळीच्या, पोथीपूजेच्या दारातून पाहतो. म्हणूनच बड्या इतिहासकारांना न दिसलेले घर त्याला दिसते. रमाबाई रानड्यांनी १९१० साली पतीच्या आठवणी लिहिल्या तेव्हा एका सार्वजनिक पुरुषाचे चरित्र स्वयंपाकघराच्या आणि माजघराच्या बाजूने लिहिता येते हे सिद्ध झाले. ही परंपरा आपल्याजवळ आहे. ती सरदार घराण्यांच्या चरित्रांपर्यंत पोचली नाही, एवढेच.

ती पोचली नाही म्हणून काय होते, हे धारच्या शेजारी देवासला पाहता येते. तेथे तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांच्या वंशात एकाच गावात दोन राज्ये झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरल्या पातीचा तिसरा तुकोजीराव हाही १८९९ साली दत्तकाने गादीवर आला. १९०८ साली त्याचे लग्न कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्येशी, अक्कासाहेबांशी झाले. पुढे तो संसार मोडला. इ. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९१२-१३ मध्ये देवासला पाहुणा होता आणि १९२१ साली तुकोजीरावांचा खाजगी चिटणीस होता. त्याने तेथून लिहिलेली पत्रे आणि नंतरची आपली भाष्ये 'द हिल ऑफ देवी' या नावाने १९५३ साली प्रसिद्ध केली. राजाची भक्ती, त्याची विनोदबुद्धी, अव्यवहार, गोकुळाष्टमीचा उत्सव, मुलाशी आलेले वितुष्ट, शेवटी पाँडिचेरीला झालेले प्रयाण आणि १९३७ सालचा मृत्यू, हे सर्व या पुस्तकात आहे. तुकोजीराव जगाला माहीत आहे तो या पुस्तकामुळे. फॉर्स्टरच्या स्नेहाविषयी शंका नाही. परंतु एका मराठी घराण्याची सर्वांत वाचली गेलेली कहाणी परक्या माणसाने, परक्या भाषेत, दिवाणखान्यात बसून लिहिली आहे. आतल्या बायका आपापसात काय बोलत, हे त्याला कळणे शक्यच नव्हते. जे मराठी लेखकाला कळू शकले असते, ते मराठी लेखकाने लिहिले नाही.

देवासची कथा येथेच संपत नाही. तुकोजीरावांचा मुलगा विक्रमसिंहराव १९४७ साली कोल्हापूरला दत्तक जाऊन शहाजी छत्रपती झाला. त्याचे आजोबा शाहू महाराज हेही १८८४ साली आनंदीबाईसाहेबांनी दत्तक घेतलेले कागलचे घाटगे. त्याआधी १८७५ साली जमनाबाईंनी कवळाण्याच्या एका शेतकरी कुटुंबातला मुलगा दत्तक घेतला, आणि बडोद्याला सयाजीराव मिळाले. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील ही दोन मोठी नावे विधवांनी घेतलेल्या दत्तकांची आहेत. यांच्या चरित्रांत दत्तकविधानाचा प्रसंग पहिल्या प्रकरणात येतो आणि पुढे जमनाबाई, आनंदीबाई हळूहळू मागे पडतात. मुलगा निवडण्यात त्यांनी काय पाहिले, आणि निवडलेला मुलगा आपल्याहून निराळ्या वाटेने जाऊ लागला तेव्हा त्यांना काय वाटले, हा प्रश्न या पुरुषांच्या थोरवीला उणेपणा आणणारा नाही. ती थोरवी कोणत्या घरात वाढली हे सांगणारा आहे.

तेव्हा सरदार घराण्यावरील ग्रंथाचे परीक्षण करताना पुढील कसोटी लावावी असे आम्ही सुचवितो. वंशावळीत जेथे 'दत्तक' हा शब्द येतो तेथे लेखक थांबतो काय? कोणी घेतला, कोठून घेतला, कोणाला डावलून घेतला, जन्मदात्या आईचे पुढे काय झाले, घेणाऱ्या आईचे अधिकार किती टिकले, हे तो विचारतो काय? जेथे उत्तर मिळत नाही तेथे 'मिळत नाही' असे प्रामाणिकपणे लिहितो, की रेषा सरळ करून पुढे जातो? या कसोटीला उतरणारा ग्रंथ भले शंभर पानांचा असेल. तो पाचशे पानांच्या सनदासंग्रहाहून चरित्र या नावाला अधिक पात्र ठरेल. सनदासंग्रहाची योग्यता निराळी आहे आणि ती कोणी कमी लेखू नये. पण त्याला चरित्र म्हणण्याची सवय सोडावी.

हे काम करण्याची मुदत मात्र अमर्याद नाही. मोडी वाचणारे शिक्षक कमी होत चालले आहेत. माळव्यातील मराठी घरांत घरी मराठी आणि बाहेर हिंदी अशी स्थिती आहे. तिसऱ्या-चौथ्या पिढीला आजीच्या पेटीतील कागद ओळखीचे वाटत नाहीत. धार, देवास आणि इंदूर येथे कारकून, पुराणिक, वैद्य, मानकरी म्हणून गेलेल्या कुटुंबांत अशा कागदांचे काही गाठोडे असणे अगदी संभवनीय आहे, आणि राजवाड्याची खाजगी गोष्ट राजवाड्यापेक्षा अशाच घरांत टिकलेली सापडते. पीथमपूरच्या परिसरात शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षकाने सुटीच्या दिवशी आपल्या विद्यार्थ्याला घरातील एक जुना कागद आणावयास सांगितले आणि तो वाचून त्याची नक्कल करून ठेवली, तर तेवढ्यानेही चरित्रवाङ्मयाची सेवा होईल. मांडवगडावर जन्मलेल्या आणि बालवयातच गेलेल्या पहिल्या रामचंद्ररावाच्या बारशाचा हिशेब अशा एखाद्या गाठोड्यात निघाला, तर वंशावळीतल्या त्या एका ओळीला प्रथमच आई मिळेल.